आईची मजुरी शून्य कशी?

पत्र : ताई, मी सेलू तालुक्यातला. छत्रपती संभाजीनगरला बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. वर्षभरापासून घरचा येसर, म्हणजे आमटीला लावायचा भाजक्या गहू-डाळीचा मसाला, 200 ग्रॅमच्या पाकिटात भरून होस्टेलवर आणि आसपासच्या सोसायट्यांत 80 रुपयांना विकतो. महिन्याला 150 पाकिटं जातात. सामान 38 रुपयांचं, म्हणजे पाकिटामागे 42 सुटतात. माल आई करते, ती घरीच असते, त्यामुळे मजुरी लागत नाही. सोयाबीनच्या काढणीत माल आला नाही, तेव्हा बरीच गिऱ्हाइकं तुटली. आता कॉलेज सोडून पूर्णवेळ यात उतरावं म्हणतो. बाबा ऐकत नाहीत. त्यांना कसं समजावू?

लेकरा, बाबांचं नंतर बघू. ‘ती घरीच असते’ या तीन शब्दांपाशी मी अडले.

लगेच पुढे तू लिहितोस की काढणीत माल आला नाही. का नाही आला? आई शेतात होती म्हणून. म्हणजे ती घरी बसून नसते, हे तुझ्याच पत्रात आहे. तुझा अख्खा धंदा तिच्या दोन हातांवर चालतो आणि हिशेबात ते हात शून्य रुपयांचे. मला याचा राग आला, तो लपवत नाही.

येसर कसा होतो ते बघितलंस का कधी नीट? गहू, हरभऱ्याची डाळ, धने, जिरे निवडायचे, उन्हात घालायचे. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, कारण गव्हाला मंद आच आणि वेळ लागतो, जिरं मात्र मिनिटात करपतं. गहू कच्चा राहिला तर महिन्या-दोन महिन्यांत पाकिटात कीड होते. तो पुरता भाजला गेलाय हे दाताखाली धरून ठरवतात, घड्याळ बघून नाही. अकरा किलो कच्च्या मालाची एक खेप धर : निवडणं-वाळवणं 3 तास, घरच्या कढईत थोडं थोडं भाजणं 6, कांडपावर जाऊन येणं 2, चाळणं 2, पाकिटं भरून सील करणं 3. झाले 16 तास, म्हणजे दोन पूर्ण दिवस. 150 पाकिटांना अशा तीन खेपा लागतात. सहा दिवस. खुरपणीचा रोज 300 धरला तरी 1800 रुपये झाले, पाकिटामागे 12.

दुसरी चूक सामानाच्या हिशेबात आहे. भाजताना ओल जाते, चाळताना भरड निघते. अकरा किलोंचे हाती दहाच्या आसपास येतात. 38 रुपये तू कच्च्या वजनावर काढलेस. तयार मालावर ते 42 होतात. गॅस आणि कांडप 5, पाऊच-लेबल 5, एस.टी.नं आणायचे 3, त्यात आईचे 12. बेरीज 67. तुला सुटतात 13 रुपये, महिन्याला 1950. बाकीचे जे नफा म्हणून मोजत होतास, त्यातले 1800 आईचे होते. 1950 रुपयांसाठी कॉलेज सोडायचं नसतं, बाबा बरोबर आहेत, तो विषय इथंच मिटव. उत्पादन खर्च काढायला तुला बी.कॉम.लाच शिकवतात. तेच प्रकरण या येसरवर सोडवून बघ.

तुला एकच काम सांगते. येत्या शनिवारी गावी जा आणि एक खेप आईबरोबर पहिल्यापासून शेवटपर्यंत कर. वही जवळ ठेव. प्रत्येक कामाला लागलेला वेळ लिही, कच्चं वजन लिही, तयार वजन लिही. माझे आकडे अंदाजाचे आहेत, तुझे खरे असतील. आई खोबरं घालत असेल तर किती पडतं तेही बघ. जास्त असेल तर उन्हाळ्यात पाकीट लवकर खवट होणार. आणि कांडपावरून आणलेला गरम मसाला लगेच पाऊचमध्ये भरू देऊ नकोस, आत वाफ धरून गुठळ्या होतात. परातीत पसरून पूर्ण थंड होऊ दे. तुमच्या परभणीतच कृषी विद्यापीठाचं अन्नतंत्र महाविद्यालय आहे, पाकीट किती दिवस टिकेल हे तिथं विचारता येईल.

वहीतून निघेल ती मजुरी दर महिन्याच्या 1 तारखेला, सामान भरायच्या आधी, आईच्या स्वतःच्या बँक खात्यात टाक. हातात दिलेस तर घरखर्चात जातील. एफएसएसएआयची, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी केलेली नसेल, पत्रात तसा उल्लेख नाही. ती आधी कर, आईच्या नावानं आणि गावच्या घराच्या पत्त्यावर, कारण माल तिथं तयार होतो. त्यांच्याच फॉसकॉस संकेतस्थळावर अर्ज होतो. मिळालेला 14 अंकी क्रमांक पाकिटावर छाप. त्यासोबत घटक, निव्वळ वजन, तारखा, किंमत, शाकाहाराचं हिरवं चिन्ह, आणि गहू असल्याची सूचनाही.

भाव 95 कर. एका पाकिटात चार माणसांची आमटी पाच वेळा होते, एका वेळेला 19 रुपये पडतात. शहरात येसर भाजत बसायला वेळ कुणाला आहे? देतील लोक. मग आईचे पैसे देऊनही तुला 28 राहतात.

शनिवारी खेप संपली, दोघं चहाला बसलात, की तिला विचार : ‘आई, या रोजानं हे काम तुला करायचंय का?’ हो म्हणाली तर काढणीचे महिने सोडून तारखा तिनं ठरवायच्या, आणि त्या महिन्यांपुरता माल आधी करून ठेवायचा. नाही म्हणाली तर गावातल्या दोन बायका रोजानं लाव आणि आईला फक्त गहू दाताखाली धरून बघायला सांग. त्याचेही पैसे दे.