“काही होणार नाही, तुम्ही काम करा”

गेल्या काही वर्षांत समुपदेशनासाठी माझ्यासमोरच्या खुर्चीत बसणारी माणसं बदलली आहेत. पूर्वी नोकरी जाईल या भीतीने कामगार यायचा, सोबत त्याची बायको असायची. आता त्याचे साहेब येतात. पतपेढीचे व्यवस्थापक, शाळेच्या मुख्याध्यापिका, एमआयडीसीतले कारखानदार. झोप लागत नाही, छातीत धडधडतं, घरी चिडचिड होते अशा तक्रारी ते सांगतात आणि तिसऱ्या-चौथ्या भेटीत मूळ प्रश्नावर येतात : “पुढे काय होणार हे मलाच ठाऊक नाही. मग हाताखालच्या माणसांना धीर कसा देऊ?”

हा प्रश्न मला इतक्यांनी विचारला आहे की त्यावर एकदा सविस्तर लिहायलाच हवं. त्यासाठी जळगावच्या एका डाळमिल मालकांची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मिलमधल्या बायका त्यांना ‘भाऊ’ म्हणतात, मीही इथे तेच म्हणते.

भाऊ आले ते होळीनंतर. डॉक्टरांकडे ईसीजी काढून झाला होता, त्यात काही निघालं नव्हतं. वय बेचाळीस. मिल वडिलांनी उभारलेली, तूर आणि चण्याची. रात्री दोनला जाग येते आणि मग मोबाइलवर डाळीचे भाव बघत पहाट होते, असं त्यांनी सांगितलं. डाळीचे भाव तर त्यांच्या वडिलांनीही आयुष्यभर बघितले होते, म्हणून मी विचारलं, “भावाची काळजी नवी नाही. नवं काय आहे?” बराच वेळ ते टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासकडे बघत राहिले. मग म्हणाले, “सॉर्टेक्स बुक केलंय, ताई.”

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सॉर्टेक्स, म्हणजे कलर सॉर्टर. डाळ वरून पन्हळीतून घसरत येते, कॅमेरा दाणा न् दाणा बघतो आणि डागी दाणा, खडा, न सोललेला गोटा दिसला की बारीक नळीतून हवेचा फटकारा मारून त्याला बाजूला उडवतो. आता मोठे व्यापारी सॉर्टेक्स केलेलीच डाळ मागतात. हाताने निवडलेली डाळ चांगली असली तरी तिला भाव कमी मिळतो. भाऊंच्या मिलमध्ये हे काम सव्वीस बायका करत होत्या. काही जणी तर त्यांच्या वडिलांच्या काळापासून.

“त्यांना सांगितलंत?”

“नाही. पण त्यांना वास लागलाय. विचारतात. मी म्हणतो, काही होणार नाही, तुम्ही काम करा.”

आणि काम होत नव्हतं. दोन महिन्यांत मुकादम सोडून गेला. रोज कुणी ना कुणी गैरहजर. माल परत येऊ लागला, पोत्यात खडे सापडू लागले. भाऊंना वाटत होतं, बायका मुद्दाम करतात. मला तसं वाटलं नाही. ज्याला उद्याचा भरवसा नाही त्याची नजर निवडणीच्या ताटावर ठरत नाही, एवढंच.

इथे माझी चूक झाली, ती सांगायला हवी. मी त्यांना म्हटलं, मोकळेपणाने बोला, सगळ्यांना एकत्र बसवून खरं काय ते सांगा. सल्ला ऐकायला बरोबर वाटतो. भाऊंनी दुसऱ्याच दिवशी सभा घेतली. बाजारातली स्पर्धा, गुजरात आणि इंदूरकडचा माल, व्यापाऱ्यांची मागणी, सगळं नीट समजावून सांगितलं. शेवटी “काही शंका?” असं विचारलं. कुणी बोललं नाही. दुसऱ्या दिवशी सहा जणी आल्या नाहीत. भाऊ मला फोनवर म्हणाले, “तुम्ही सांगितलं तसं केलं. आता बोला.”

मी त्या रात्री जुने कागद काढून बसले. औद्योगिक मानसशास्त्र शिकताना आम्हाला कोच आणि फ्रेंच या दोन संशोधकांचा प्रयोग होता, १९४८ साली छापलेला. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या मॅरियन गावचा पायजमे शिवणारा कारखाना, कामगार बहुतेक बायकाच. कामाची पद्धत थोडी बदलली की उत्पादन कोसळायचं आणि बायका काम सोडून जायच्या. मग एका गटाला सभेत बसवून बदल का गरजेचा आहे ते समजावलं, प्रश्नांना उत्तरं दिली. त्या गटाला अंधारात ठेवलं नव्हतं, हे महत्त्वाचं. तरी पहिल्या चाळीस दिवसांत त्यातल्या १७ टक्के जणी सोडून गेल्या. दुसऱ्या गटांत मात्र नवी पद्धत कशी बसवायची हे ठरवायलाच बायकांना सोबत घेतलं. तिथून कुणी गेलं नाही आणि उत्पादन आधीच्यापेक्षाही वर गेलं. पहिल्या गटातल्या उरलेल्या बायकांना काही महिन्यांनी पुन्हा एकत्र आणलं आणि पुढच्या बदलात सहभागी करून घेतलं, तेव्हा त्यांचंही काम लवकर सावरलं. बायका त्याच होत्या, वागवण्याची रीत तेवढी बदलली होती.

हा प्रयोग मी परीक्षेत दोनदा लिहिला होता. तरीही भाऊंना मी सभा घेऊन समजावायलाच पाठवलं. दुसऱ्या दिवशी त्यांना तसं स्पष्ट सांगितलं आणि मिल बघायला येऊ का, असं विचारलं.

एप्रिलचा दुसरा आठवडा. सकाळी दहालाच पत्रे तापले होते. घासणीच्या रोलरचा आवाज, हवेत कोंडा, आणि एका बाजूला भिंतीला टेकून रांगेत बसलेल्या बायका. सगळ्यात टोकाला अक्का, तीस वर्षांपासून निवडणीवर असलेल्या. मी त्यांच्याशेजारी जमिनीवर बसले. त्यांनी डाळीचा एक पसा ताटात ओतला, पंजा पसरून एकदा फिरवला आणि माझ्याशी बोलता बोलता चार दाणे अंगठ्याने काठाला सारले. ताटाकडे त्यांचं लक्षच नव्हतं. मी ते चार दाणे हातात घेऊन बघितले. दोन गोटे, एक किडका, आणि एक मला तरी अगदी चांगला वाटला. “हा का काढला?” त्यांनी तो दाताखाली धरून फोडला आणि आतली काळसर रेघ दाखवली. ओल लागलेला होता.

त्या म्हणाल्या, सभेत भाऊ खूप बोलले, पण आमचं काही बोलले नाहीत. मग खास अहिराणीत, जरा खालच्या आवाजात : “आखाजीले पोर येई. तिले लुगडं लेऊ का नको, इतलं तरी सांगा.” म्हणजे, आखाजीला मुलगी येईल, तिला लुगडं घेऊ की नको, एवढं तरी सांगा.

खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी होतात. त्या वर्षी आखाजी दोन-तीन आठवड्यांवर आली होती. भाऊंच्या भाषणात इंदूर होतं, गुजरात होतं, पण लुगड्याच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. अक्कांना बाजारपेठेचं भवितव्य नको होतं. किती जणी राहणार, कोण राहणार, आणि हे कधी कळणार, एवढंच हवं होतं.

भाऊंची पुढची भेट बराच वेळ चालली. इतके दिवस आम्ही मिलबद्दल बोललो होतो, त्या दिवशी मी त्यांच्या घराबद्दल विचारलं. “वाईट बातमी सांगायची वेळ आली की तुमचं काय होतं?” भाऊ म्हणाले, “तोंड सुकतं.” आणि मग आजोबांची गोष्ट निघाली. जळगाव, अमळनेर, चाळीसगाव, धुळे, ही गावं एकेकाळी कापड गिरण्यांच्या भोंग्यावर चालायची. आजोबा अशाच एका गिरणीत सांच्यावर, म्हणजे मागावर होते. एका सकाळी पाळीवर गेले तर गेट बंद आणि गेटावर नोटीस. आजोबांना वाचता येत नव्हतं. दुसऱ्याने वाचून सांगितली. त्यांनी डबा तसाच परत आणला आणि ओट्यावर बसून राहिले. पुढे वडिलांनी पै-पै जमवून मिल काढली, ती या शब्दांवर : माझ्या दारावर कधी नोटीस लागणार नाही.

“म्हणून तुम्ही नोटीस लावत नाही,” मी म्हटलं. “पण गेटाबाहेर उभ्या असलेल्या माणसाला नोटीस नसलेलं गेटही बंदच दिसतं.”

भाऊ रडले. ते इथे लिहू का, असं मी त्यांना विचारलं होतं. लिहा म्हणाले, माझ्यासारखे खूप आहेत.

खरंच खूप आहेत. “काही होणार नाही” हे वाक्य मालक दुष्टपणाने म्हणत नाहीत. ज्यांना आपल्या माणसांचं वाईट वाटतं तेच जास्त म्हणतात. पण ऐकणाऱ्याच्या मनात ते उलटं काम करतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. हाताला विजेचा झटका बसणार हे नक्की असतानापेक्षा, बसेल की नाही अशी निम्मी-निम्मी शक्यता असताना माणसांचा ताण जास्त निघाला. ज्याला नक्की कळलं तो मनाची तयारी करतो. ज्याला कळलं नाही तो तयारीही करू शकत नाही आणि विसरूही शकत नाही. मिलमधल्या बायका दोन महिने तशाच बसल्या होत्या. भाऊ तर त्याहून जास्त दिवस, कारण त्यांनाही बँकेचं कर्ज मंजूर होईल का आणि मशीन कधी येईल ते माहीत नव्हतं.

मग आम्ही एक कागद केला, एका बाजूचा. वर जे ठरलंय ते : मशीन येणार, परत जाणार नाही. मध्ये जे ठरलेलं नाही ते : किती जणी लागतील. आणि खाली, ते कोणत्या तारखेला सांगणार. भाऊंना मधला भाग लिहिताना सगळ्यात जड गेलं. “मालक असून मला माहीत नाही, असं कसं म्हणू?” मी म्हटलं, ते त्यांना आधीच माहीत आहे, तुम्ही फक्त मान्य करायचं आहे. आणि तारीख दिलीत की ती पाळायची. त्या दिवशी उत्तर नसेल तरी त्या दिवशी समोर जायचं आणि उत्तर नाही हे सांगायचं.

त्याआधी त्यांना कामगार कायद्याच्या सल्लागाराकडे पाठवलं. हे मी आग्रहाने केलं, कारण भावनेच्या भरात दिलेला शब्द नंतर पाळता आला नाही तर होता तो विश्वासही जातो. तिथे त्यांना कळलं की रोजंदारीवर असल्या तरी ज्यांचे वर्षात २४० दिवस भरतात त्यांना कमी करताना महिन्याची नोटीस आणि भरलेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. कामाच्या पद्धतीतल्या बदलाने माणसं कमी होणार असतील तर त्या बदलाचीही २१ दिवस आधी नोटीस द्यायची असते. भाऊंनी हिशेब मांडला. मशीनच्या खर्चात ही रक्कम त्यांनी धरलीच नव्हती. मला अनेक कारखानदारांत हेच दिसतं. कंप्रेसर, वायरिंग, शेड, सगळं अंदाजपत्रकात असतं, माणसं नसतात.

दुसरी सभा आखाजीच्या आधी झाली. भाषण नव्हतं. कागद वाचून दाखवला, कारण सगळ्यांना वाचता येत नव्हतं. मग भाऊंनी विचारलं, मशीन बसवायचं आहे, तर पहिले पंधरा दिवस मशीनपाशी कोण उभं राहील? अर्थातच अक्का उठल्या.

मशीन बसवणारा तंत्रज्ञ बाहेरगावचा होता. त्याने सेटिंग केलं आणि डाळ चकचकीत निघाली. अक्कांनी चांगल्या डाळीकडे बघितलंच नाही. ज्या पोत्यात मशीन उडवलेला माल पडत होता त्यात त्यांनी हात घातला, मूठभर काढून ताटात पसरला आणि म्हणाल्या, यात अर्धी चांगली डाळ चाललीय. खरं होतं. फटकारा जोराचा असला की वाईट दाण्याबरोबर शेजारचाही उडतो. तंत्रज्ञाने सेटिंग बदललं, अक्कांनी पुन्हा मूठ काढली, पुन्हा बदललं. असं दुपारपर्यंत चाललं. भाऊंनी त्याचा व्हिडिओ काढून मला पाठवला. त्यात मशीनच्या आवाजात अक्कांचं बोलणं ऐकू येत नाही, फक्त त्यांचा पसरलेला पंजा दिसतो आणि त्याकडे वाकून बघणारा तो मुलगा.

सगळ्या सव्वीस जणी राहिल्या असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. उडवलेल्या मालाची फेरनिवड, पॅकिंग आणि मशीनवर मिळून अकरा जणी लागल्या. कोण राहणार याची यादी भाऊंनी एकट्याने केली नाही. बायकांनी बसून सुचवलं की ज्यांच्या घरी दुसरं कमावतं माणूस नाही त्या आधी. चौघी आपणहून निघाल्या. अकरा जणींना भरपाई घेऊन जावं लागलं, आणि त्यांतल्या दोघी भाऊंशी अजून बोलत नाहीत. त्यांचा राग बरोबर आहे, तो समजावून घालवायचा प्रयत्न करू नका, असं मी भाऊंना सांगितलं. झोप हळूहळू लागायला लागली. डाळीचे भाव ते अजूनही बघतात, पण सकाळी.

मागच्या महिन्यात ते पुन्हा आले. हिशेबाचं आणि मालाच्या नोंदीचं काम आता संगणक बराचसा आपोआप करू शकतो, तसं सॉफ्टवेअर त्यांना कुणी दाखवलंय. ऑफिसात तीन मुनीम आहेत. एक वडिलांच्या वेळचे.

“घ्यायचं की नाही ते ठरलं नाही,” भाऊ म्हणाले, “पण मुनीमजींना दाखवलं. म्हटलं, बघा, आणि तीस तारखेला आपण बसू.”

“मग ते काय म्हणाले?”

“काही नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तीस तारखेला पेन्सिलीने गोल केला.”