वाचकांचे प्रश्न : धुराडी वेगवेगळी, वाहिनी एक

प्रश्न : सिमेंट, रसायने आणि तेल या क्षेत्रांतील कंपन्या कार्बन डायऑक्साइड पकडण्यासाठी एकत्र येत असल्याच्या बातम्या वारंवार वाचनात येतात. आपल्या धुराड्यातला वायू प्रत्येकाने आपापला आवरावा, एवढे पुरेसे नाही का? की ही भागीदारी मुख्यतः प्रसिद्धीसाठी असते?

उत्तर : वायू पकडण्यापुरते पाहिले तर तुमचे म्हणणे बरोबर आहे, कारण ते काम ज्याचे त्यालाच करावे लागते. खरी अडचण पकडलेल्या वायूची विल्हेवाट लावताना सुरू होते.

सिमेंटचेच पाहा. भट्टीत चुनखडी सुमारे 900 अंश सेल्सिअसला तापली की तिचा चुना होतो आणि कार्बन डायऑक्साइड मोकळा होतो. सिमेंट कारखान्याच्या उत्सर्जनात ढोबळमानाने 60 टक्के वाटा या रासायनिक क्रियेचा असतो, त्यामुळे कोळसा सोडून सगळी भट्टी विजेवर चालवली तरी तो जागच्या जागी राहतो. क्लिंकरचे, म्हणजे भट्टीतून निघणाऱ्या आणि दळून सिमेंट बनवल्या जाणाऱ्या खड्यांचे, प्रमाण घटवून हा वाटा कमी करता येतो. उरलेला वायू मात्र पकडावाच लागतो. त्यासाठी धुराड्याकडे जाणारा वायू उंच मनोऱ्यात अमाइन या नायट्रोजनयुक्त रसायनाच्या द्रावणाच्या संपर्कात आणतात. द्रावण कार्बन डायऑक्साइड शोषून घेते आणि दुसऱ्या मनोऱ्यात सुमारे 120 अंशांपर्यंत तापवले की तो सोडून देते. ही उष्णता पुरवणे हाच चालू खर्चातला सर्वांत जड भाग असतो.

नॉर्वेतील ब्रेव्हिक येथे हायडलबर्ग मटेरियल्स या सिमेंट कंपनीने 2025 मध्ये सुरू केलेली यंत्रणा वर्षाला सुमारे 4 लाख टन, म्हणजे त्या कारखान्याच्या उत्सर्जनापैकी जवळपास निम्मा वायू पकडण्यासाठी बांधलेली आहे. तो द्रवरूपात जहाजाने पश्चिम किनाऱ्यावर जातो आणि तेथून सुमारे 100 किलोमीटर लांबीच्या वाहिनीने समुद्रतळाखाली 2,600 मीटर खोल असलेल्या सच्छिद्र खडकात सोडला जातो. ही साठवण सांभाळणारी ‘नॉर्दर्न लाइट्स’ ही कंपनी एक्विनॉर, शेल आणि टोटालएनर्जीज या तीन प्रतिस्पर्धी तेल कंपन्यांची आहे. तिच्या पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला 15 लाख टन, म्हणजे एकट्या ब्रेव्हिकच्या जवळपास चौपट आहे. भूगर्भाची पाहणी आणि विहिरीचे खोदकाम यांचा खर्च वायू थोडा असला म्हणून त्या प्रमाणात घटत नाही. वाहिनीचा व्यास दुप्पट केला तर क्षमता चौपटीहून अधिक वाढते, पण खर्च तेवढा वाढत नाही. एका कारखान्याने स्वतःपुरती वाहिनी टाकणे म्हणूनच सहसा परवडत नाही.

याहून बिकट प्रश्न ‘आधी कोण’ हा असतो. साठवणीची हमी नसताना कारखानदार पैसा घालत नाही आणि वायू येण्याची हमी नसताना साठवण करणारा विहीर खोदत नाही. नेदरलँड्समधील रॉटरडॅम बंदराजवळच्या ‘पोर्थोस’ या साठवण प्रकल्पात एअर लिक्विड, एअर प्रॉडक्ट्स, एक्सॉनमोबिल आणि शेल या चौघांनी आपापल्या वायूची हमी दिल्यामुळे ही कोंडी फुटली आणि 2023 मध्ये गुंतवणुकीचा अंतिम निर्णय झाला. भागीदारीची घोषणा ऐकली की असा बांधील करार झाला आहे का, हे मी प्रथम पाहतो. नुसत्या सामंजस्य करारावर हात झटकून मोकळे होणे सोपे असते.

प्रश्न : अनेक कारखान्यांचा वायू एकाच वाहिनीतून नेल्यास काही धोका संभवतो का?

उत्तर : संभवतो. कार्बन डायऑक्साइडमध्ये पाण्याचा अंश राहिला तर कार्बनिक आम्ल तयार होऊन पोलादी वाहिनी आतून झिजते, म्हणून दाब देताना तो कोरडा करतात. सूक्ष्म मुद्दा मिश्रणाचा आहे. एका कारखान्याच्या वायूत नायट्रोजन डायऑक्साइडचा आणि दुसऱ्याच्या वायूत सल्फर डायऑक्साइडचा अंश असेल, तर दोन्ही स्वतंत्रपणे निरुपद्रवी वाटले तरी एकत्र आल्यावर त्यांच्यापासून सल्फ्युरिक आणि नायट्रिक आम्ल बनू शकते. त्यामुळे सर्वांनी शुद्धतेची एकच अट पाळावी लागते आणि प्रत्येकाच्या प्रवेशद्वाराशी मोजणी करावी लागते. एकाची हयगय सर्वांच्या वाहिनीला भोवते.

प्रश्न : स्पर्धक एकत्र बसले की भाव ठरवण्याचीही संधी मिळते. शिवाय प्रकल्प फसला तर जबाबदार कोण?

उत्तर : पहिली शंका रास्त आहे. सुरक्षिततेची माहिती, शुद्धतेचे निकष किंवा खडकाची पाहणी सामायिक करण्यास सहसा हरकत नसते. सिमेंटचे भाव, ग्राहक आणि उत्पादनाच्या योजना यांची चर्चा मात्र स्पर्धा कायद्याच्या कक्षेत येते.

फसण्याची उदाहरणेही आहेत. ऑस्ट्रेलियातील गॉर्गन या नैसर्गिक वायूच्या प्रकल्पात शेव्हरॉन, एक्सॉनमोबिल आणि शेल यांसारखे मातब्बर भागीदार असूनही 2019 पासूनची साठवण ठरवलेल्या प्रमाणापेक्षा बरीच कमी पडली. याउलट नॉर्वेच्या स्लाइप्नर या समुद्रातील नैसर्गिक वायूच्या क्षेत्रात 1996 पासून साठवण चालू आहे, आणि त्यामागे त्या देशाने 1991 मध्ये लावलेल्या कार्बन कराचा मोठा हात आहे. वायू हवेत सोडणे महाग पडू लागल्याखेरीज भागीदारी टिकत नाही, असे माझे मत आहे.

जबाबदारीविषयी युरोपीय संघाचा 2009 चा निर्देश असे सांगतो की, साठवण बंद झाल्यावरही तिच्यावर देखरेख ठेवणे आणि गळती झाल्यास उपाय करणे हे चालकाचेच काम राहते. वायू कायमचा बंदिस्त झाल्याची खात्री पटली आणि साधारणपणे किमान 20 वर्षे लोटली, की मगच ही जबाबदारी सरकारकडे जाते. आणि पुढील देखरेखीसाठी चालकाला त्याआधीच पैसे भरून ठेवावे लागतात.