घोड्यांच्या सत्रांसाठी आईची ठेव मोडावी का?

गोव्यातल्या सांखळीच्या एका वाचकांचं पत्र आहे. आई ७६ वर्षांच्या, निवृत्त शिक्षिका, तीन वर्षांपूर्वी डिमेन्शियाचं (स्मृतिभ्रंशाचं) निदान झालं. बार्देशातल्या एका तबेल्यात अशा ज्येष्ठांसाठी घोड्यांच्या सहवासातली थेरपी देतात. आई एकदा जाऊन आल्या. घोड्याच्या मानेवरून ब्रश फिरवताना कितीतरी दिवसांनी आपणहून बोलल्या आणि त्या रात्री शांत झोपल्या. एका सत्राचे २,५०० रुपये. वर्षाच्या ४८ सत्रांचे एक लाख रुपये आगाऊ भरले तर वीस हजार वाचतात. त्यासाठी आईंचं ज्येष्ठ नागरिक बचत योजनेतलं १५ लाखांचं खातं मोडावं का, असं ते विचारतात.

खातं मोडू नका आणि वर्षाचे पैसे आगाऊ देऊ नका. आईंना घोड्याकडे मात्र जरूर न्या.

आधी खात्याचं बघू. या योजनेतून लागेल तेवढीच रक्कम काढता येत नाही, खातं पूर्ण बंद करावं लागतं. म्हणजे एका लाखासाठी पंधरा लाख बाहेर काढायचे. तुमचं खातं जुलै २०२३ चं, दोन वर्षं उलटून गेलेली, त्यामुळे एक टक्का, म्हणजे १५,००० रुपये कापले जातील. आगाऊ भरून मिळणारी सवलत बरीचशी तिथेच संपली. शिवाय ८.२ टक्क्यांचा ठरलेला दर २०२८ पर्यंत तुमच्या हातात आहे. दर तिमाहीला ३०,७५० रुपये येतात, महिन्याला १०,२५०. डिमेन्शियाच्या घरात असं ठरलेल्या दिवशी येणारं उत्पन्न फार मोलाचं असतं, कारण खर्च फक्त वाढत जातो.

आईंचं पेन्शन ३४,००० धरलं तर महिन्याला ४४,२५० रुपये हाती येतात. दिवसाच्या बाईंचे १८,०००, औषधं आणि डायपर ६,०००, घरखर्चातला वाटा ८,०००. उरले १२,२५०. एका सत्रासाठी जाऊन-येऊन गाडीचे १,५०० तुम्ही लिहिलेत, म्हणजे एक भेट पडते ४,००० रुपयांना. दर आठवड्याला जायचं तर महिन्याचे १६,००० झाले. आगाऊ भरले तरी गाडीभाडं धरून वर्षाचा आकडा १,७२,००० वर जातो, महिन्याला चौदा हजारांच्या पुढे. हे उत्पन्नात बसत नाही.

आता या थेरपीकडून अपेक्षा काय ठेवायची? अमेरिकेतल्या ओहायोमध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. अल्झायमरच्या १६ रुग्णांपैकी काही जणांना महिनाभर आठवड्यातून एकदा घोड्यांकडे नेलं. त्यांनी घोड्यांना खरारा केला, खाऊ घातलं, लगाम धरून चालवलं. जे गेले त्यांची चिडचिड आणि अस्वस्थता कमी दिसली. अभ्यास लहान आहे, आणि आजार थांबतो किंवा आठवणी परत येतात असं त्यातून निघत नाही. एक बरा दिवस मिळतो. तो मिळवण्यासारखा आहे, असं मी मनापासून मानतो. पण बऱ्या दिवसांचे पैसे त्या त्या दिवशी द्यावेत. सहा-आठ महिन्यांत आई गाडीत बसायला तयार होतील की नाही, हे आज कुणीच सांगू शकत नाही. पावसाळ्यात चिखलाने किती सत्रं बुडतील ते वेगळंच.

म्हणून पहिला महिना आठवड्याला एक अशा चार भेटी करा, प्रत्येक वेळी त्या भेटीपुरतेच पैसे देऊन. हे १६,००० बँकेतल्या साध्या बचत खात्यातून जाऊ द्या. त्या चार दिवसांची झोप, जेवण, संध्याकाळची घालमेल वहीत लिहून ठेवा आणि बाकीच्या दिवसांशी ताडून बघा. आईंना घोड्यावर बसवू देऊ नका. या वयात खुब्याचं हाड मोडलं तर खर्च लाखांत जातो आणि माणूस अंथरुणाला खिळतं. फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट समोर असतो का, अपघाताचा विमा आहे का, हे लेखी विचारा. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेतून या भेटींचे पैसे मिळतील असं धरू नका; ती इस्पितळातल्या उपचारांसाठी आहे.

तुमच्या पत्रातली एक ओळ मला घोड्यांपेक्षा जास्त महत्त्वाची वाटली: रात्री आईंजवळ तुमची पत्नी झोपते आणि वर्षभर तिची सलग झोप झालेली नाही. गोव्यातच ८१ कुटुंबांवर झालेला, २००८ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे, डिमेन्शियाचे अभ्यासक डॉ. अमित डायस त्यात होते. घरी येऊन माहिती आणि आधार देणारं प्रशिक्षित माणूस मिळालं, तेव्हा काळजी घेणाऱ्यांचा मानसिक ताण कमी झाला. तुमचं सगळं नियोजन या सुनेच्या तब्येतीवर उभं आहे. ती आजारी पडली तर पूर्णवेळ माणूस ठेवावं लागेल. तेव्हा १२,२५० मधला पहिला हिस्सा तिचा. आठवड्यातून दोन रात्री बाई ठेवा. रात्रीचे ७०० धरले तर महिन्याला ५,६००. उरतात ६,६५०, त्यात घोड्यांची एक भेट बसते. दुसऱ्या भेटीचे ४,००० पुण्याच्या धाकट्या भावाकडे मागा. त्याला सेवा करता येत नाही याची खंत असल्याचं तुम्हीच लिहिलंत, मग संकोच कशाला?

तुम्ही लिहिलेली बँकेतली आठ लाखांची वेगळी ठेव रात्रीच्या पूर्णवेळ बाईसाठी आणि इस्पितळासाठी राखून ठेवा.

काजूची बागायत विकून पुढचं भागवू, असंही तुम्ही म्हणता. तो पैसा हातातला धरू नका. गोव्याच्या समान नागरी कायद्यात लग्नानंतर मालमत्ता सहसा नवरा-बायकोची सामाईक होते, त्यामुळे वडिलांच्या पश्चात निम्मा वाटा आईंचा आणि उरलेला तुम्हा भावांचा. विक्रीला तुमच्या दोघांच्या बायकांच्याही सह्या लागतील, आणि आईंना समजेनासं झालं की त्यांची सही मिळवायला कोर्टाची पायरी चढावी लागते. आज मुखत्यारपत्र करून ठेवलं तरी त्यांचं भान गेल्यावर ते कायद्याने टिकत नाही. आईंना अजून सकाळच्या वेळी व्यवहार कळतो असं तुम्ही लिहिलंय. मग याच महिन्यात न्यूरोलॉजिस्टकडून तसं लेखी घ्या, सर्व खात्यांवर नामनिर्देशन तपासा, पेन्शनचं खातं कोण चालवणार ते बँकेत विचारा आणि बागायतीच्या इन्व्हेंटरीसाठी, म्हणजे वारसांमधल्या वाटणीच्या कायदेशीर प्रक्रियेसाठी, वकिलांना भेटा. तबेल्याची पुढची तारीख त्यानंतरची घेतली तरी चालेल.