डेथ-डूम मेटल इतकं संथ आणि उदास असतं, तरी लोकांना ते का आवडतं? ते ऐकावं कसं?

तुम्ही लिहिलंय की मित्राच्या सांगण्यावरून माय डाइंग ब्राइड या बँडचा ‘टर्न लूज द स्वान्स’ हा अल्बम लावला, पहिल्या गाण्यात गिटार आलीच नाही, दुसऱ्यात गुरगुरणं सुरू झालं आणि तुम्ही बंद केला. माझा हा फार लाडका अल्बम आहे, त्यामुळे जरा सविस्तर सांगते. डेथ-डूम म्हणजे डेथ मेटलचं गुरगुरणं आणि डूम मेटलची संथ, जड लय यांचा मेळ.

माय डाइंग ब्राइड हा इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डचा बँड, १९९० साली सुरू झालेला. हा त्यांचा दुसरा अल्बम, १९९३चा. पहिल्या अल्बमवर, म्हणजे १९९२च्या ‘अ‍ॅज द फ्लॉवर विदर्स’वर, ‘सिअर मी’ नावाचं गाणं आहे: पूर्ण बँड, जड गिटारी, खोल ग्राउल, म्हणजे घशातून काढलेला गुरगुरता आवाज. तुम्ही ऐकलेलं पहिलं गाणं म्हणजे त्याचीच नवी मांडणी. ड्रम गेले, गिटारी गेल्या. राहिले कीबोर्ड, मार्टिन पॉवेलचं व्हायोलिन आणि अ‍ॅरन स्टेनथॉर्पचा बोलल्यासारखा आवाज. दोन्ही गाणी एकापाठोपाठ ऐका. आवाज चढवून जे दुःख सांगितलं होतं, ते जवळपास सगळं काढून घेतल्यावरही तेवढंच जड राहतं. या बँडचं खरं बळ मला तिथे दिसतं.

आता गुरगुरण्याबद्दल. तो राग आहे असं धरून ऐकलंत तर कंटाळाच येणार. या अल्बमवर एकच माणूस दोन गळ्यांनी गातो, आणि साधा गळा सोडून तो ग्राउलकडे कधी जातो, परत कधी येतो, यावर कान ठेवा. शीर्षकगीत दहा मिनिटांचं आहे. त्यात हे फार चांगलं कळतं. ग्राउलमध्ये सगळं अंगावर येत असतं, आणि मग तोच माणूस अगदी थकल्या, सपाट सुरात गायला लागतो. मला तरी जास्त त्रास त्या सपाट सुराचा होतो. तो सुरेल गायक नाही, काही ठिकाणी सूर डगमगतोही. पण गोड, घोटीव गळा इथे खोटा वाटला असता.

संथपणाचं म्हणाल तर लय सगळीकडे सारखी नाही. ‘द साँगलेस बर्ड’मध्ये बँड चांगलाच धावतो. काही जण डूमची तुलना आपल्या विलंबित ख्यालाशी करतात; मला ती पटत नाही. ख्यालात गायक तिथल्या तिथे राग उलगडत जातो, इथे प्रत्येक रिफ, म्हणजे गिटारीचा पुन्हा पुन्हा येणारा छोटा तुकडा, आधीच बांधलेली असते. ती पुन्हा पुन्हा वाजते तेव्हा बदल वरच्या थरात होतो: दुसरी गिटार वेगळी सुरावट धरते, व्हायोलिन येतं, ड्रमचा ठोका विरळ होतो. म्हणून मोबाइलच्या स्पीकरवर हे संगीत मरतं. बरे हेडफोन हवेत, आवाज थोडा मोठा हवा आणि गाण्यांचा क्रम बदलायचा नाही. गीतांचे शब्द समोर ठेवलेत तर उत्तम, ग्राउलमधले शब्द सुरुवातीला कुणालाच कळत नाहीत.

पूर्ण अल्बम साधारण तासाभराचा आहे. एका बैठकीत जमणार नसेल तर ‘द क्राउन ऑफ सिम्पथी’ने सुरुवात करा. बारा मिनिटांचं आहे, पण बरंचसं साध्या गळ्यात आहे. तिथून ‘युअर रिव्हर’वर या. त्यात सुरुवातीला बराच वेळ फक्त वाद्यंच आहेत, ते पुढे ढकलू नका; गिटारींचं मला सर्वांत आवडणारं काम तिथेच आहे.

एवढं करूनही जमलं नाही, तर त्याच भागातल्या, हॅलिफॅक्सच्या पॅरडाइज लॉस्टचा १९९१चा ‘गॉथिक’ ऐका. गाणी आटोपशीर आहेत, ग्राउलच्या जोडीला बाईचा आवाज आहे आणि गिटारीची धून लगेच लक्षात राहते.