पोरीची जात आणि वानराचं वांदर

कोल्हापुरातल्या राजारामपुरीतून एम.एड. करणाऱ्या एका मुलीचा प्रश्न आलाय. तिचा शोधनिबंध बालवाडीतल्या मुलामुलींच्या 'जेंडर सोशलायझेशन'वर, म्हणजे मुलानं कसं वागावं आणि मुलीनं कसं हे त्यांच्यात कसं मुरतं यावर आहे आणि मार्गदर्शकांनी शीर्षकात 'लिंग सामाजिकरण' घालायला सांगितलंय. हे बरोबर आहे का, असं ती विचारते. वर जाता जाता लिहिते, "मी 'मी लिहितो, मी विचारतो' असं बोलतो म्हणून सर हसतात. तेही चूक आहे काय?"

पहिलं आधी उडवून टाकतो. 'सामाजिकरण' असा शब्दच नाही. हल्ली प्रत्येक कार्यशाळेच्या फलकावर तो दिसतो आणि दरवेळी माझा चहा निवतो. जे आधी तसं नव्हतं ते तसं करणं दाखवायचं असलं, की संस्कृतात '-करण'च्या आधी दीर्घ ई येते. शुद्धचं शुद्धीकरण, राष्ट्रीयचं राष्ट्रीयीकरण. तसं समाजचं समाजीकरण. 'सामाजिक'च धरून बसायचं असेल तर सामाजिकीकरण म्हणा, जीभ वळत असेल तर. 'सामाजीकरण' रूढ झालाय, तोही मी चालवून घेतो. ऱ्हस्व 'जि' लिहिणाऱ्याला मात्र माफी नाही. ती ई गाळलीत की 'आधी नव्हतं, मग झालं' हा अर्थच गळतो, आणि तुमचा सगळा निबंध तर त्याच अर्थावर उभा आहे!

'लिंग' म्हणजे मुळात खूण. धूर हे अग्नीचं लिंग, असं नैयायिक, म्हणजे न्यायशास्त्राचे पंडित, म्हणतात. शरीराची खूण ते लिंग, समाजानं त्यावर चढवलेलं ते लिंगभाव, हा भेद अभ्यासकांनी केला आणि तो रुळला. वापरा खुशाल.

पण मला विचाराल तर जेंडरला अस्सल मराठी शब्द केव्हाचा आहे, आणि तो तुमच्या आजीला ठाऊक आहे. "पोरीच्या जातीला येवढं मोठ्यानं हसणं बरं दिसतंय व्हय?" "बाप्याची जात हाईस न्हवं? मग रडतूस कशाला?" ही जात मराठ्याची नव्हे, लिंगायताची नव्हे, जैनाचीही नव्हे. ही जात म्हणजे नेमकं जेंडर.

नेमकं का, ते ऐका. इंग्रजी 'जेंडर' आलं लॅटिन 'जेनुस'वरून. त्याचा अर्थ प्रकार, कूळ. त्याचं मूळ आणि आपल्या 'जन्' धातूचं मूळ एकच. त्याच 'जन्'पासून जन्म, जन, जाती आणि मराठी जात. म्हणजे जेंडर आणि जात या एकाच घरातल्या बहिणी, एक युरोपात दिली, एक इथंच राहिली. मधला 'ड' कुठून आला? फ्रेंच तोंडात न आणि र शेजारी आले आणि दोघांच्या मधे द उगवला. आपल्याकडे वानराचं वांदर झालं ते असंच. जोतिबाच्या डोंगरावर हातातला नारळ पळवणाऱ्या वांदराच्या तोंडात आणि विद्यापीठातल्या 'जेंडर'मधे एकच आगंतुक व्यंजन बसलंय, याचा मला गेली कित्येक वर्षं आनंद होतोय.

यावर आमचे एक फारसीप्रेमी स्नेही दरवेळी फुरंगटतात. त्यांच्या मते 'बाईची जात'मधली जात ही अरबी-फारसी 'ज़ात', म्हणजे स्वत्व. साहेब, 'जातीनं हजर राहणे'मधली जात तुमची, मान्य. मोगलांच्या मनसबदारीतले 'जात आणि सवार', म्हणजे सरदाराचा स्वतःचा दर्जा आणि त्याचे घोडेस्वार, हेही तुमचेच, घेऊन जा. पण आंब्याची जात, तांदळाची जात, पोरीची जात यांना हात लावायचा नाही. तिथं अर्थ 'स्वतः' नाही, 'प्रकार' आहे. पोरगी दारात जातीनं उभी राहिली तर तो तुमचा शब्द, आणि "पोरीच्या जातीनं दारात उभं राहू नये" म्हटलं की तो माझा. दोन्ही एकाच उंबऱ्यावर आहेत म्हणून एक होत नाहीत.

गंमत म्हणजे जेंडर हा शब्दही बराच काळ मुख्यतः व्याकरणाच्याच वहीत होता. जॉन मनी या मानसशास्त्रज्ञानं १९५५ साली तो तिथून उचलून माणसाच्या वागण्याला लावला. आपल्या आज्यांनी असा उसना शब्द घेतला नाही.

आणि 'जात' हा शब्द नुसता जुना नाही, नेमकाही आहे. एलेनॉर मॅकोबी ही अमेरिकन मानसशास्त्रज्ञ. १९७४ साली तिनं कॅरल जॅकलिनबरोबर मुलगा-मुलगी फरकांवरचं ढीगभर संशोधन चाळलं, तर आपल्याला वाटतं तितकं आईबाप मुलाला आणि मुलीला वेगळं वागवत नाहीत असं दिसलं. मग वेगळेपणा येतो कुठून? पुढच्या कामात तिचं लक्ष गेलं सवंगड्यांकडे. तिथली मुलं साडेचाराव्या वर्षी आपल्याच लिंगाच्या सोबत्यांत सुमारे ३ पट वेळ घालवत होती, साडेसहाव्या वर्षी ११ पट! पोरं पोरांत, पोरी पोरींत, कुणी दटावून बसवलेलं नसताना. मंगळवार पेठेतल्या गल्लीत संध्याकाळी जा. फुटबॉल एका टोकाला, दोरीवरच्या उड्या दुसऱ्या टोकाला. आता सांगा, आपली पंगत वेगळी, पलीकडच्या पंगतीत बसणाऱ्याची टिंगल, आणि कुंपण राखणारे आतलेच, याला मराठीत काय म्हणतात? 'भाव' नाही म्हणत. भाव तर मंडईतही असतो.

शाहू महाराजांच्या गावात शोधनिबंधावर 'जात' छापलंत तर परीक्षक भलतंच समजतील, हे मला कळतं. तेवढ्यासाठीच फक्त 'लिंगभाव'.

हां, ते 'मी लिहितो'. सरांना विचारा, चार मैत्रिणी 'आम्ही आलो' म्हणतात की 'आम्ही आल्या'? प्रमाण मराठीतही अनेकवचनात बाईचा आणि बाप्याचा 'आलो' एकच. 'मी भाकरी खाल्ली'मधे तर भाकरीचं लिंग कळतं, खाणारीचं नाही. कोल्हापूरच्या पोरीनं तीच सवलत एकवचनात घेतली, इतकंच. "तालमीच्या मातीमुळं इथल्या पोरी पोरांसारख्या बोलतात" हे निव्वळ कौतुक आहे, भाषाशास्त्र नाही. माझं बोट कानडीकडे आहे. 'नानु बरुत्तेने' (मी येतो किंवा येते) हे बाईही म्हणते, बाप्याही. तो येताना 'बरुत्ताने', ती येताना 'बरुत्ताळे'. कोल्हापुरातही हुबेहूब तसंच, 'मी' दोघांचा सारखा आणि 'ती आली' मात्र आलीच. सीमेवर भाकरी आणि क्रियापदं दोन्ही इकडून तिकडे जातात.

तुमच्या विषयाला हे लागूही आहे. १९८२ साली अलेक्झांडर गिओरा आणि सहकाऱ्यांनी पाहिलं, तर 'मी जातो' आणि 'मी जाते' हा भेद पाळणाऱ्या हिब्रूतल्या मुलांना आपण मुलगा की मुलगी हे आधी उमगत होतं, इंग्रजीतल्यांना नंतर, आणि 'तो' व 'ती' दोघांना एकच शब्द असलेल्या फिनिशमधल्यांना सगळ्यांत शेवटी. 'मी येतो' म्हणणारी शिवाजी पेठेतली चिमुरडी या ओळीत कुठं बसते, हे शोधायला तुमच्याच बालवाडीत बसावं लागेल.

शीर्षक 'बालवाडीतील लिंगभावाचे समाजीकरण' असं ठेवा आणि प्रस्तावनेत आजीचं वाक्य घाला. निबंधात 'लिहिते' करावं लागेल. तोंडी परीक्षेला काय बोलायचं ते तुमचं तुम्ही बघा.