गाडी एकच मॉडेल, ड्रायव्हर वेगवेगळे. मग कारचा प्रीमियम सारखाच का?

तुमचं म्हणणं असं की वीस वर्षांत एक अपघात नाही, एक चलन नाही. जुनी गाडी विकून नवी घेतली. भाच्याला लायसन्स मिळून वर्षही झालं नाही, त्यानेही तेच मॉडेल घेतलं आणि दोघांच्या पॉलिसीवर एक रुपयाचाही फरक नाही. इंग्लंडमध्ये त्याला कितीतरी जास्त पडला असता, मग आपल्याकडे कंपनी ड्रायव्हर बघतच नाही का?

जवळजवळ नाहीच. मी पुण्यात मोटार विम्याचंच काम करतो, म्हणून नीट सांगतो. पण तुमचा प्रश्न वाचून मला वेगळीच शंका आली: तुमचे हक्काचे आठ-दहा हजार रुपये तुम्ही जुन्या गाडीसोबत सोडून आला आहात. त्यावर येतोच.

आपल्याकडे विमा उतरतो तो गाडीचा. वैध लायसन्स असलेला कोणीही तुमच्या परवानगीने ती चालवू शकतो, मग मुलगा असो, सून असो की पगारी ड्रायव्हर. म्हणून सगळा हिशोब गाडीभोवती फिरतो. इंग्लंडमध्ये वय, पत्ता, व्यवसाय, लायसन्सवरचे दंडाचे पॉइंट असं सगळं बघतात. फक्त स्त्री की पुरुष हे बघायला युरोपीय न्यायालयाच्या निकालामुळे डिसेंबर २०१२पासून बंदी आली.

आपल्या पॉलिसीचे दोन भाग असतात. एक थर्ड पार्टी, म्हणजे तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरणारा भाग. ती मोटार वाहन कायद्याने सक्तीची आहे आणि तिचा दर सरकार ठरवतं, तोही फक्त इंजिनाच्या सीसीवर. जून २०२२पासूनच्या दरांनुसार १००० ते १५०० सीसीच्या कारला वर्षाला ३,४१६ रुपये, आणि नव्या कारला एकदम तीन वर्षांचे १०,६४०. इथे तुम्ही आणि भाचा सारखेच, आणि घासाघीस करायला जागाच नाही.

खरा खेळ ओन डॅमेजचा, म्हणजे ओडीचा: तुमच्या स्वतःच्या गाडीचं नुकसान भरणारा भाग. समजा गाडी ९ लाखांची, ११९७ सीसीची. नव्या गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, ५ टक्के वजा करून धरतात, म्हणजे ८,५५,०००. जुन्या टॅरिफप्रमाणे, म्हणजे पूर्वी सगळ्या कंपन्यांना बंधनकारक असलेल्या दरपत्रकाप्रमाणे, पुणे 'झोन ए'त येतं, दर ३.२८३ टक्के, म्हणून २८,०७० रुपये. साताऱ्याचं पासिंग असतं तर 'झोन बी', ३.१९१ टक्के, सातआठशे रुपये कमी. २००७पासून या भागावरचं दरांचं बंधन सुटलं, त्यामुळे प्रत्येक कंपनी या आकड्यावर आपापलं डिस्काउंट देते. ते देताना मॉडेल, इंधन, आरटीओ, गाडीचं वय, त्या मॉडेलचे किती क्लेम येतात, पार्ट किती महाग, चोरी किती होते, हे सगळं बघितलं जातं. म्हणून एकाच गाडीची कोटेशनं पाच कंपन्यांकडून पाच येतात. ४० टक्के डिस्काउंट धरलं तर ओडी १६,८४२ रुपयांवर येतो.

आता तुमची वीस वर्षं. ती या कागदावर एकाच ठिकाणी दिसू शकतात: नो क्लेम बोनसमध्ये, म्हणजे एनसीबीत. एक वर्ष क्लेम नसेल तर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनंतर ५०. ही सवलत ओडीवर मिळते आणि, हेच बहुतेकांना कोणी सांगत नाही, ती गाडीची नसते, मालकाची असते. गाडी विकली तरी एनसीबी तुमच्याकडेच राहतो, खरेदीदाराला जात नाही. जुन्या गाडीवर तुमचा ५० टक्के असेल तर नव्या गाडीच्या १६,८४२मधून ८,४२१ सरळ गेले असते, वर १८ टक्के जीएसटी वाचला असता तो वेगळा. शोरूममध्ये चावी घेण्याच्या घाईत हे कोणी विचारत नाही. याचा मला मनापासून राग येतो.

जुन्या कंपनीला गाडी विकल्याचा पुरावा द्या, आरसीवरची नावबदली झालेली प्रत चालते, आणि एनसीबीचं पत्र मागा. गाडी विकल्यापासून ३ वर्षांच्या आत ते वापरता येतं. नव्या कंपनीला आजच लेखी विचारा. चालू पॉलिसीत जमत नसेल तर नूतनीकरणाला नक्की लावून घ्या. आणि पॉलिसी कधीही ९० दिवसांच्या वर लॅप्स होऊ देऊ नका, बोनस जातो.

कोणी एजंट कोटेशन स्वस्त दाखवायला नसलेला एनसीबी टाकत असेल तर त्याला थांबवा. आधीच्या कंपनीकडून खात्री करून घेतली जाते आणि ते खोटं बाहेर येतं नेमकं क्लेमच्या वेळी.

चलनांवरून प्रीमियम ठरवायचा विचार झाला होता. आयआरडीएआय या विमा नियामकाच्या कार्यगटाने २०२१च्या सुरुवातीला तसा मसुदा मांडला, दिल्लीपासून सुरुवात करायची सूचना होती. मला तो हवा होता, अजूनही हवा आहे. सिग्नल तोडणाऱ्याने जास्त भरावं यात चूक काय? त्याऐवजी जुलै २०२२मध्ये किती किलोमीटर आणि कशी चालवता यावर प्रीमियम ठरवणारे ॲड-ऑन, म्हणजे पॉलिसीला जोडून घ्यायचे पर्याय, आले. गाडी आठवड्यातून दोनदाच निघत असेल तर किलोमीटरवाला प्लॅन बघा, मात्र ठरलेले किलोमीटर संपल्यावर ओडी कव्हरचं काय होतं ते आधी वाचा.

भाच्याला एवढं सांगा. समजा पहिल्या वर्षी पार्किंगमध्ये बंपर घासला, बिल झालं ४,५००. झिरो डेप (पार्टच्या किमतीतून घसारा न कापणारं कव्हर) असलं तरी प्रत्येक क्लेमला सक्तीचे १,००० स्वतःचे, म्हणजे हातात साडेतीन हजार. क्लेम घेतला की पुढच्या वर्षीचा २० टक्के बोनस गेला. आयडीव्ही थोडी उतरली तरी तो जीएसटीसकट साधारण साडेतीन हजारच होतो. शिवाय पुढची चार वर्षं तो प्रत्येक वेळी एक पायरी मागे राहणार. तेव्हा असला क्लेम करूच नये, गॅरेजवाला कितीही म्हणाला "इन्शुरन्समध्ये करून देतो" तरी.