परड्यातनं घरात: वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

मागच्या सदरात मी दोनच ओळी लिहिल्या होत्या, की घर सजवायला दुकानात जायच्या आधी मागचं दार उघडून परड्यात एक चक्कर मारा, आणि त्यावर एवढी पत्रं आली की यावेळी सगळी जागा त्यालाच देतेय.

प्रश्न: ताई, कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमचं जुनं घर आहे, दगडी जोतं आणि वर मातीच्या भिंती. मागं छोटं परडं आहे, त्यात सासूबाईंनी लावलेली जास्वंद, केळ, कढीपत्ता, आळू. सोप्याचं, म्हणजे पुढच्या बैठकीच्या खोलीचं, काम काढलंय. इंटिरियरवाले म्हणतात सगळं ग्रे करा आणि एका भिंतीला प्लॅस्टिकच्या पानांची ग्रीन वॉल लावा. मला पटत नाहीये पण त्यांना काय सांगायचं ते सुचत नाही. परड्यावरनं घराचे रंग ठरवता येतात का?

उत्तर: येतात की! आणि तुम्हाला पटत नाहीये ते बरोबरच आहे. दहा पावलांवर खरी केळ असताना भिंतीला प्लॅस्टिकची पानं कशाला, त्यावर धूळ बसते आणि एकेक पान पुसत बसणं हे कुंडीला पाणी घालण्यापेक्षा जास्त काम आहे.

आत्ता शेडकार्ड बाजूला ठेवा. एक पांढरं सुती कापड घ्या आणि परड्यातनं थोडं थोडं तोडून त्यावर मांडा, केळीचं उलगडत असलेलं कोवळं पान आणि एक वाळकं पान, कढीपत्त्याची डहाळी, आळूचं पान देठासकट, एक जास्वंद आणि मूठभर माती. आता हे सोप्यात जी भिंत रंगवायची तिच्या पायथ्याशी ठेवा आणि सकाळी, भर दुपारी आणि दिवे लागायच्या आधी असं तीनदा बघा. केळीचं कोवळं पान पोपटी दिसेल, कढीपत्ता गर्द, आळूचं पान उलटं केलं की पांढुरकं, आणि काळा आळू असेल तर देठ चक्क जांभळं. नुसत्या हिरव्यातच एवढे प्रकार, आणि वाळक्या केळीच्या पानाचा तो भाजल्यासारखा तपकिरी तर मला कुठल्याच शेडकार्डात आजपर्यंत सापडला नाही. आपल्या कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान यांनी कोटितीर्थ आणि रंकाळा ही इथलीच तळी रंगवली, म्हणजे घराजवळ जे दिसतं तेच डोळे भरून बघितलं, आपल्याला तर फक्त एक सोपा रंगवायचाय.

माझं मत विचाराल तर भिंतीला हिरवा नकोच, हिरवा मागच्या दारातनं आपोआप आत येतोय. मोठ्या भिंतींना मातीचा नाहीतर वाळक्या पानाचा फिका रंग द्या, दार-खिडक्यांना कढीपत्त्याचा गर्द, आणि जास्वंदीचा लाल फक्त एकाच ठिकाणी, उशीचे अभ्रे म्हणा किंवा पाटावरचं बस्कर. लाल जास्त झाला की डोळ्याला टोचतो. ग्रे आपल्याकडं जून ते सप्टेंबर आभाळातच एवढा असतो की घरात आल्यावर तरी दुसरं काही दिसू दे.

आणि एक महत्त्वाचं, मातीच्या भिंतीला प्लॅस्टिक पेंट किंवा ऑइल पेंट अजिबात लावू देऊ नका. अशी भिंत जमिनीतली ओल वर ओढते, ती ओल बाहेर पडायला वाट लागते, वर प्लॅस्टिकचा थर आला की वाट बंद होते आणि मग रंगाला फुगे येऊन पोपडे पडतात. चुना लावा, त्यातनं ओल निघून जाते. चुन्यात रंग हवा असेल तर गेरू किंवा पिवडी (पिवळी माती) घाला, ते मातीचेच रंग आहेत, चुन्यात टिकतात. फुलाफळांचे रंग चुन्यात टिकत नाहीत आणि हळद तर चुन्यात लाल होते, कुंकू त्याच रीतीनं करायचे. आधी कोपऱ्यात हातभर पट्टा मारून वाळू द्या, कारण ओला चुना पारदर्शक दिसतो आणि वाळल्यावर उजळतो, ओल्यावर रंग ठरवला की फसगत ठरलेली.

उजेडाचंही बघा. अंबाबाईच्या किरणोत्सवात नोव्हेंबरात ९, १०, ११ आणि पुढं ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला मावळतीची किरणं मूर्तीपर्यंत येतात ते आपल्या सगळ्यांना माहितीच आहे, कारण सूर्याची जागा रोज सरकत असते. तुमच्या घरातही तसंच आहे, हिवाळ्यात दक्षिणेच्या खिडकीतनं ऊन लांब आत येतं आणि मे-जूनमध्ये जवळपास येतच नाही. म्हणून आरसा, पितळी भांडी, आवडता फोटो कुठं लावायचा ते एका दिवसात ठरवू नका, थोडं राहून बघा आणि मग खिळा मारा.

प्रश्न: आमच्याकडं दसरा-दिवाळीला तोरणं-माळांचा झेंडू ढीगभर उरतो, शिवाय बागेतला वेगळाच. फेकायला जीव होत नाही. त्याचा घरात काही उपयोग? (इचलकरंजी)

उत्तर: पडदे रंगवा! तुम्ही तर सुती कापडाच्या गावात राहता, साधं मांजरपाट घ्या. माळेतला दोरा आणि कुजकी फुलं काढून बाकीची सावलीत वाळवा, कापडाच्या वजनाइतकी वाळकी फुलं लागतात. अर्धा किलो कापड असेल तर ते आधी धुण्याच्या सोड्यात उकळून खळ काढून टाका, मग १०० ग्रॅम हिरड्याची पूड गरम पाण्यात कालवून त्यात रात्रभर बुडवा, पिळून वाळवा, मग ७५ ग्रॅम तुरटीच्या पाण्यात दोन-तीन तास. सुती कापड रंग सहज धरत नाही, हिरडा आणि तुरटी त्याला धरून ठेवतात, म्हणून ही पायरी गाळू नका. फुलं तासभर मंद आचेवर उकळून पाणी गाळून घ्या आणि त्यात कापड पाऊण तास ठेवा, सारखं हलवत, नाहीतर डाग पडतात. भांडं स्टीलचं घ्या आणि ते पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका. लोखंडी घमेल्यात केलं तर पिवळा जाऊन शेवाळी रंग येतो, तोही मला फार आवडतो, एक पडदा तसा करून बघाच. कडक उन्हात हा पिवळा हळूहळू फिका होतो, म्हणून सावलीच्या बाजूच्या खिडकीला लावा.

प्रश्न: नमस्कार ताई. मी ६८ वर्षांचा, ताराबाई पार्कात राहतो. आमची सौ. गेल्या वर्षी गेली. मागं तिचा मोगरा, जुईचा मांडव आणि पारिजातक आहे. मुलगा म्हणतो सगळं काढून पेव्हर ब्लॉक घालू, गाडीला जागा होईल. मला बागेतलं काही कळत नाही, सगळं तीच बघायची. पण काढवतही नाही. काय करावं?

उत्तर: काका, काढू नका. मुलाची अडचण खोटी नाही, गाडी रस्त्यावर लावायची म्हणजे रोजची कटकट, पण गाडीला सगळं परडं लागत नाही. चाकांखाली येतील एवढेच दोन पट्टे दगडी फरशीचे घाला आणि मधली माती उघडी ठेवा, म्हणजे पाऊसही जमिनीत मुरेल. सगळीकडं ब्लॉक घातले की उन्हाळ्यात मागची खोली तापते आणि पावसाचं पाणी पारिजातकाच्या मुळाला पोचत नाही.

आणि बागेतलं कळत नाही म्हणता तर ही तिन्ही झाडं फार मागणारी नाहीत. मोगऱ्याला नव्या फुटीवर कळ्या येतात, म्हणून डिसेंबर-जानेवारीत छाटा, थोडं शेणखत घाला, पाणी वाढवा, मार्चपासनं फुलं सुरू होतील. उन्हाळ्यात बुडाशी उसाचं पाचट पसरा, खोडाला न चिकटवता, ओल टिकते. पारिजातक रात्री फुलतो आणि पहाटे गळतो, रात्री खाली जुनं धुतलेलं धोतर पसरून ठेवलं की सकाळी फुलं मातीला न लागता मिळतात. ती उथळ पितळी ताटलीत थोड्या पाण्यावर सोडा आणि बैठकीत ठेवा, पांढऱ्या पाकळ्या आणि खाली केशरी देठ, पितळेवर ते काय दिसतं ते तुम्हीच बघा. मोगऱ्याच्या टपोऱ्या कळ्या संध्याकाळी काढून ओल्या फडक्यावर काकूंच्या फोटोपाशी ठेवा, रात्री उमलतात आणि खोलीभर वास होतो.

जुईचं मात्र पावसाळ्यात एक काम जरूर करा. खालची एक लांब फांदी वाकवून तिचा मधला भाग मातीत दाबा आणि वर दगड ठेवा, टोक बाहेर राहू द्या. दीड-दोन महिन्यांत मुळं धरतात, मग तोडून कुंडीत लावा. मुलीला, शेजारच्या वहिनींना, ज्यांना काकूंच्या हातचा गजरा मिळायचा त्या सगळ्यांना एकेक रोप द्या. मुलालाही एक फांदी त्याच्याच हातानं दाबायला लावा, माझी खात्री आहे तो पेव्हर ब्लॉकचं परत बोलणार नाही. कुंड्या बापट कॅम्पातल्या कुंभारांकडनं आणा, साध्या मातीच्या, फक्त गणपतीच्या तोंडावर जाऊ नका, तेव्हा त्यांना मान वर करायला वेळ नसतो.

प्रश्न: घरात रांगतं बाळ आहे. बागेतल्या कुंड्या हॉलमध्ये आणायची हौस आहे पण सासूबाई म्हणतात डास होतील. (राजारामपुरी)

उत्तर: सासूबाईंचं बरोबर आहे. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि साधारण आठ-दहा दिवसांत त्यातनं नवे डास तयार होतात, म्हणून कुंडीखालच्या ताटल्या आणि फुलदाण्या आठवड्यातनं एकदा रिकाम्या करून घासून ठेवा, नुसतं पाणी ओतून भागत नाही, अंडी कडेला चिकटून राहतात. बाळासाठी मात्र डासांपेक्षा मला झाडांचीच जास्त काळजी वाटते. मनीप्लांट, डिफेनबॅकिया, आळूच्या जातीची शोभेची झाडं, यांचं पान चावलं की तोंडाची भयंकर आग होते आणि सूज येते, ती उंचावर टांगा किंवा बाहेरच ठेवा. कण्हेर तर सगळीच्या सगळी विषारी, तिची फुलं-फांद्या फुलदाणीतही नकोत. त्याऐवजी गवती चहा, तुळस, ओवा यांच्या कुंड्या खिडकीत ठेवा, पण खिडकीला ऊन पाहिजे, आणि कुंड्या जड घ्या, बाळ धरून उभं राहायला लागलं की आधी कुंडीच ओढतं.